जुन्या केगातला आयोडेक्सचा वास: घरी बियर बनवणाऱ्या नवशिक्यांसाठी

माझ्या पहिल्या केगातल्या पहिल्या बियरचा घोट घेऊन मित्राने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "पाठ दुखतेय का तुझी?"

मला आधी कळेना. मग मीही चाखली. पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बियर होती, संत्र्याच्या सालीसारखा हॉप्सचा (बियरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा) वास यायला हवा होता. त्याऐवजी सरळ आयोडेक्स. महिनाभराची मेहनत, १९ लिटर बियर, आणि चव अशी की घोट घ्यावा की गुडघ्याला चोळावं हा प्रश्न पडावा.

केग, म्हणजे बियर ठेवायचा स्टीलचा पिंप, मी न्यू जर्सीत एका गृहस्थांकडून त्यांच्या गॅरेजमधून घेतला होता. त्यांनी "धुतलेला आहे" सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. मीही पुन्हा धुतला. पोलाद आरशासारखं चकचकत होतं. दोष पोलादात नव्हताच, रबरात होता. हे समजायला मला दोन बॅचेस लागल्या. तुम्हाला एकही लागू नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक खुलासा. हा सगळा उद्योग मी अमेरिकेत करतो. इथे घरी स्वतःपुरती बियर बनवायला केंद्रीय कायद्याने १९७९ पासून परवानगी आहे. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुण्यातल्या भावंडांनो, तुम्ही हे नुसतं वाचा.

हे केग आले कुठून

अमेरिकेतल्या घरगुती बियरवाल्यांचा लाडका केग म्हणजे कॉर्नेलियस, बोलीभाषेत कॉर्नी. पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा उभा पिंप. मुळात तो बियरचा नाहीच. हॉटेलांना कोला, रूट बियर, ऑरेंज सोडा आणि त्यांची सिरपं पुरवायला तो वापरत. पुढे खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून सिरप येऊ लागलं आणि हे हजारो केग मोडीत निघाले. केगाला वर दोन तोट्या असतात, एकीतून कार्बन डायऑक्साइड गॅस आत जातो, दुसरीतून द्रव बाहेर येतो. या तोट्यांच्या घडणीवरून दोन जाती पडतात. बॉल लॉक जातीचे केग साधारणपणे पेप्सीच्या गोटातले, उंच आणि सडपातळ. पिन लॉक कोकच्या गोटातले, बुटके आणि जाड. पिन लॉकच्या गॅसच्या तोटीला दोन पिना असतात, द्रवाच्या तोटीला तीन.

आता तो आयोडेक्सचा वास. रूट बियर हे इथलं जुनं शीतपेय, नावात बियर असली तरी दारूशी संबंध नाही. पूर्वी ते सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळापासून करत. त्यातल्या सॅफ्रोलवर १९६० मध्ये इथल्या अन्न-औषध प्रशासनाने बंदी घातली. आजच्या रूट बियरच्या चवीत बऱ्याचदा विंटरग्रीन असतं. विंटरग्रीनचा वास म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, आणि आपल्या वेदनाशामक मलमांतही तेच असतं. भारतातून नवा आलेला माणूस रूट बियरचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतो ते यामुळेच. त्याचं नाक बरोबर असतं.

हे द्रव्य तेलकट असतं. पाण्यात फारसं विरघळत नाही, पण रबरात मुरतं. कुकरचं भांडं कितीही घासा, रिंग नाकाशी धरली की कालच्या वरणाची फोडणी कळते, तसंच. केगाच्या सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा वीस-वीस वर्षं सिरपात भिजलेल्या असतात. त्यात तुम्ही बियर ओतता. मिथाइल सॅलिसिलेट अल्कोहोलमध्ये पाण्यापेक्षा सहज विरघळतं, त्यामुळे नुसत्या पाण्याला न सोडलेली चव रबर बियरला खुशाल देऊन टाकतं.

विकत घेताना

झाकण उघडून दाखवा म्हणा. उघडताना आतून फुस्स करून हवा निघाली तर उत्तम, याचा अर्थ केग दाब धरून आहे. नाक आत घाला. शीतपेयाचा वास आला तरी घाबरू नका, तो काढता येतो. पण रॉकेल, पेंट, कीटकनाशक असलं काही जाणवलं तर पैसे खिशात ठेवून घरी या. मोबाइलचा टॉर्च आत धरून तळ बघा. तपकिरी डाग घासून जातात, पण सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर नको. अशा खड्ड्यांत घाण आणि जंतू बसतात आणि तिथपर्यंत ब्रश पोचत नाही.

दुसरं म्हणजे, ब्रुअरीचा, म्हणजे बियर कारखान्याचा, मोठा गोल केग कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. दुकानात अनामत भरली म्हणून केग आपला होत नाही, तो ब्रुअरीच्या मालकीचाच राहतो. शिवाय त्याच्या आतली नळी दाब असताना चुकीच्या पद्धतीने सोडवली तर बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायरी १: दाब सोडा, मग खोला

झाकणावरची रिंग ओढून सगळा दाब सोडा. पिन लॉकच्या बऱ्याच झाकणांना ही सोय नसते. तिथे गॅसच्या तोटीतला मधला खिळा स्क्रूड्रायव्हरने हळूच दाबा, तोंड बाजूला ठेवून. आवाज पूर्ण थांबल्याशिवाय पाना लावायचा नाही.

आता दोन्ही तोट्या खोला. यांना पोस्ट म्हणतात. बॉल लॉकला बहुतेक वेळा ७/८ इंची किंवा ११/१६ इंची खोल सॉकेट बसतं. पिन लॉकला पिनांसाठी खाचा पाडलेलं वेगळं सॉकेट मिळतं. पोस्ट निघाली की तिच्या आत पॉपेट नावाची स्प्रिंगवाली झडप सापडेल, आणि खाली डिप ट्यूब. गॅसची ट्यूब बोटभर, द्रवाची तळापर्यंत जाणारी लांब. दोन्ही पोस्ट सारख्या दिसतात पण अदलाबदल चालत नाही. षटकोनी बॉल लॉक पोस्टच्या बुडाशी खाचा असतील तर ती गॅसची. मी दोन वाट्या घेतो, एकीत गॅसचं सामान, दुसरीत द्रवाचं. एकावेळी एकच केग खोलतो. चार केगांचं सामान एका परातीत मिसळलं तर रविवार गेलाच समजा.

पायरी २: सगळं रबर फेका

पाच ओ-रिंगा असतात. झाकणाची मोठी एक, पोस्टच्या बाहेरून दोन, डिप ट्यूबच्या गळ्यात दोन. गळ्यातल्या दोन हमखास विसरल्या जातात. पहिल्या बॅचनंतर मी मोठी रिंग बदलली, बाहेरच्या दोन बदलल्या, आणि दुसऱ्या बॅचलाही तोच वास. ट्यूबच्या मानेला चिकटलेली काळी, चपटी झालेली रिंग मला धातूचाच भाग वाटली होती. नखाने उचकटली तेव्हा सुटली. नाकाशी धरली आणि मला थेट आजीच्या खोलीची आठवण झाली.

पॉपेटलाही रबर असतं. तेही जुनं असेल तर पॉपेटच नवीन घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केगांना वेगवेगळे लागतात, म्हणून जुना सोबत नेऊन दुकानात जुळवून बघा, नाहीतर युनिव्हर्सल मागा.

रिंगा उकळून, सोड्यात भिजवून, उन्हात ठेवून वाचवता येतात का? मी तिन्ही केलं आहे. लोणच्याच्या बरणीला ऊन पुरतं, याला पुरत नाही. वास कमी होतो, जात नाही. पाच रिंगांचा नवा संच काही डॉलरांत येतो. बियरला धान्य, हॉप्स आणि अख्खा शनिवार लागतो. यात काटकसर करू नका.

केगाच्या तळाला आणि वर रबरी बूट असतात, काळे, जाड. त्यांचा बियरशी संबंध येत नाही, पण त्यांच्याखाली सांडलेलं सिरप वर्षानुवर्षं साचतं आणि फ्रीजमध्ये वास मारतं. गरम पाणी ओतून सैल करा, घासा, परत चढवा.

पायरी ३: धुणं

सोडियम परकार्बोनेट हे आपलं मुख्य हत्यार. ब्रुअरी वॉश म्हणून मिळणारी पावडर चांगलीच आहे. ती नसेल तर कपड्यांचे डाग काढणारी बिनवासाची ऑक्सिजनवाली पावडर चालते, गॅलनला एक मोठा चमचा. "बिनवासाची" हा शब्द डब्यावर दोनदा वाचा. नाहीतर रूट बियर जाईल आणि लॅव्हेंडर येईल.

केग काठोकाठ भरेल इतकं ६० अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, पावडर विरघळवा. डिप ट्यूब, पोस्ट, पॉपेट सगळं आतच सोडा. झाकण नुसतं वर टेकवा, आवळू नका. हे द्रावण ऑक्सिजन सोडत राहतं, बंद केगात दाब चढतो. उलट गरम पाणी बंद केगात निवलं तर आत पोकळी होते. रात्रभर ठेवा. त्याहून जास्त नको, पांढरी पुटं धरतात. धरलीच तर व्हिनेगरच्या पाण्याने जातात.

सकाळी लांब, बारीक ब्रश डिप ट्यूबमधून आरपार काढा. पहिल्यांदा जे बाहेर येतं ते बघून जेवण जात नाही. माझ्या ट्यूबमधून काळपट, चिकट दोरीसारखं काहीतरी निघालं होतं, बोटभर लांब. केग धुतलेला होता, हे लक्षात असू द्या. मग गरम पाण्याने दोनदा खळखळून घ्या.

आधी कोणी त्यात बियरच ठेवली असेल तर भिंतीवर खरबरीत, फिकट थर लागेल. त्याला बियरस्टोन म्हणतात, कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. तो परकार्बोनेटने नीट जात नाही, त्याला आम्ल लागतं. फॉस्फोरिक आम्लाचा ब्रुअरी क्लीनर डब्यावरच्या प्रमाणाने वापरा.

दोन गोष्टी कधीच नाहीत. तारेचा घासा नको, त्याचे लोखंडी कण पोलादावर अडकून गंजतात. आणि ब्लीच नको. ब्लीचने स्टेनलेसला खड्डे पडतात, त्याचा अंश राहिला तर बियर डेटॉलसारखी लागते, आणि ते आम्लाशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. जंतुनाशक म्हणून आपण पुढे जे वापरणार आहोत ते आम्लच आहे.

पायरी ४: जोडणी

नव्या रिंगांना स्वतःचा वास असतो, नव्या फुग्यासारखा. गरम पाण्यात तासभर भिजवा, पाणी बदलून पुन्हा एकदा. मग अन्नासाठी चालणारं केगचं वंगण बोटावर मुगाएवढं घेऊन रिंगेला चोळा. व्हॅसलीन नको, काही जातींचं रबर त्याने फुगतं. सिलिकॉनच्या रिंगांना सिलिकॉनचं वंगणही नको, त्याच कारणाने.

पोस्ट हाताने बसवून मग पान्याने थोडंसं आवळा. जीव खाऊन नको. नळाचा वायसर आवळताना करतो तीच चूक इथेही होते, आटे जातात.

झाकण लावून गॅस जोडा आणि ३० पीएसआय दाब द्या, म्हणजे मोठी रिंग जागेवर बसते. साबणाचा फेस करून झाकणाच्या कडेला आणि दोन्ही पोस्टवर लावा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बघतो तसे बुडबुडे शोधा. एक बारीक बुडबुडा आठवड्याभरात अख्खा सिलिंडर रिकामा करतो.

पायरी ५: पाण्याची परीक्षा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती. एवढी एक केलीत आणि वरच्यापैकी थोडं चुकलं तरी वाचाल.

केगात पाच लिटर पिण्याचं पाणी घाला, ३० पीएसआय गॅस द्या आणि केग उलटा करून ठेवा. उलटा अशासाठी की पाणी झाकणाच्या रिंगेला आणि पोस्टना लागून राहिलं पाहिजे. उभा ठेवलात तर पाच लिटर पाणी तळाशी बसेल आणि परीक्षा पोलादाची होईल. फ्रीजमध्ये नको, खोलीतच. उबेत वास लवकर उतरतो. तीन दिवसांनी सरळ करा, थंड करा, आणि नळी न जोडता गॅस सोडून झाकणातूनच एक ग्लास काढा.

दुसऱ्या ग्लासात साधं तेच पाणी. घरातल्या कोणाला तरी ग्लास अदलाबदल करायला सांगा आणि न बघता प्या. आपलं नाक आपल्याला फसवतं. स्वतःच्या मेहनतीचा वास आपल्याला येत नाही, आणि भीती वाटत असली की नसलेला वास येतो. मी बायकोलाही चाखायला लावलं. तिने एका ग्लासाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "यात काहीतरी औषध आहे." ते नव्या रिंगांचं रबर होतं. पाणी बदललं, आणखी तीन दिवस ठेवलं, गेलं.

आणखी खात्री हवी असेल तर त्या पाच लिटरमध्ये पाऊण लिटर स्वस्त व्होडका घाला. अल्कोहोल पाचएक टक्क्यांवर येतं, बियरइतकंच. जे बियर ओढून काढणार आहे ते हे पाणी आधीच ओढेल. मी हे एकदाच केलं आहे, ज्या केगाचा पूर्वेतिहास माहीत नव्हता त्यासाठी.

पायरी ६: निर्जंतुक करणं आणि हवा घालवणं

स्टार सॅनसारखं आम्लाचं जंतुनाशक, पाच गॅलन पाण्याला एक औंस म्हणजे ३० मिली. केग काठोकाठ भरा, झाकण लावा, आणि गॅसच्या दाबाने सगळं द्रावण द्रवाच्या नळीतून बाहेर ढकला. केग निर्जंतुक झाला आणि आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरला, दोन्ही कामं एका फेरीत. थोडा फेस उरतो, तो धुवू नका.

बियर भरल्यावर वरच्या रिकाम्या जागेत हवा शिरलीच असेल तर ३० पीएसआय गॅस द्यायचा आणि सोडायचा. दर वेळी ऑक्सिजन साधारण एक तृतीयांश उरतो. दहा वेळा केलंत की दहा लाखांत तीनेक भाग राहतो. पुरे.

कुठला वास, कोणाचा दोष

सगळं करूनही बियर बिघडली तर लगेच केगाला शिव्या घालू नका. केग भरताना त्याच बियरच्या दोन बाटल्या बाजूला काढायची सवय लावा. ३५५ मिलीच्या बाटलीत अर्धा चमचा साखर, बूच, दोन आठवडे खोलीत. बाटली चांगली आणि केग वाईट, तर दोष केगात किंवा नळीत. दोन्ही वाईट, तर दोष आधीच, बनवतानाच झालेला.

आयोडेक्स, कोला, संत्र्याची गोळी: रबर. पायरी २ पुन्हा वाचा. रबर बदललेलं असेल तर बियरची प्लास्टिकची नळी बघा, कारण तीही वास धरते. ज्या नळीतून एकदा रूट बियर वाहिली ती बियरला पुन्हा वापरायची नाही.

डेटॉल किंवा नवी बँडेजपट्टी: क्लोरीन. ब्लीच राहिलं असेल. नसेल वापरलं तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन, म्हणजे केगाचा दोष नाही. बियर करतानाच्या पाण्यात कॅम्पडेनची गोळी टाकायची.

ओला पुठ्ठा: ऑक्सिजन. पायरी ६ घाईत केलीत. हा वास पहिल्या दिवशी नसतो, हळूहळू चढतो.

आंबट, किंवा लोणी-टॉफीसारखं: पहिला ग्लास असा आणि तिसरा चांगला लागला तर जंतू नळीत आणि नळाच्या तोटीत आहेत, केगात नाहीत. नळी बदला, तोटी खोलून धुवा. सगळेच ग्लास तसे लागले तर बाटलीशी ताडून बघा. लोण्याचा वास बऱ्याचदा आंबवण अर्धवट राहिल्याचा असतो.

जिभेवर नाणं ठेवल्यासारखं: लोखंड. वेल्डच्या रेषेवर टॉर्च मारा, गंज दिसेल.

बिघडलेल्या बियरचं काय

मुरलेला आयोडेक्स बियरमधून काढता येत नाही. जितका काळ ती त्या केगात राहील तितका वाढेल, म्हणून कळल्या कळल्या दुसऱ्या केगात हलवा. हलका वास असेल आणि बियर काळी, भाजक्या धान्याची असेल तर थोडाफार झाकतो. माझी पेल एल होती, त्यात लपायला जागाच नव्हती. ओतून दिली.

रबर बदलायचा कंटाळाच असेल तर त्या केगाला सोड्याचा केग करा. माझा एक तसा आहे, आलं-लिंबू-काळं मीठ घालून, गॅस मारून. मुलं खूश असतात आणि वास आल्यात बुडतो. त्यावर रंगीत टेप लावली आहे, म्हणजे चुकून बियर जायला नको. बाकीच्या केगांवरही टेप असते. रिंगा कधी बदलल्या, आत शेवटचं काय होतं.

आणि जुन्या रिंगा खरोखर कचऱ्यात टाका. एक मी "असू दे, कधी लागली तर" म्हणून सुट्या भागांच्या डब्यात ठेवली होती. दोन महिन्यांनी डबा उघडला तर सगळ्या नव्या रिंगांना आयोडेक्सचा वास.